आंबवण पद्धतीने नारळाचे तेल : अंगास लावण्याजोगे तेल घरी काढण्याचा पाठ

आंबवण्याची क्रिया प्रत्येक घरास परिचयाची आहे. दुधाचे दही होते, भिजवून वाटलेल्या डाळ-तांदळाचे पीठ रात्रीत फुगते, उसाच्या रसाचा शिरका होतो. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव पदार्थातील साखर खातात व तिचे आम्ल किंवा मद्यार्क बनवितात, हेच या सर्व क्रियांचे मूळ होय.

अलीकडच्या काळात त्वचेच्या प्रसाधनांतही या क्रियेचा उपयोग पुष्कळ वाढला आहे. जपान व कोरिया या देशांत तांदूळ, सोयाबीन, चहा इत्यादी वनस्पतिज द्रव्ये आंबवून त्यांचे अर्क प्रसाधनांत घालतात. मलमास दाटपणा आणणारा झँथन गोंद आणि त्वचेच्या लेपांत वापरले जाणारे लॅक्टिक आम्ल हे पदार्थही साखर आंबवूनच तयार होतात. परंतु या वस्तूंसाठी कारखाना, प्रयोगशाळा व शुद्ध जीवाणूंची पैदास लागते. सामान्य शेतकरी कुटुंबास ते साधणे कठीण आहे.

याला एक अपवाद आहे, तो नारळाच्या तेलाचा. ओल्या खोबऱ्याचे दूध आंबवून त्यातून पाण्यासारखे स्वच्छ तेल काढता येते. त्यास घाणा लागत नाही, भट्टी लागत नाही व रसायनही लागत नाही. कोकणात नारळाचे दूध आटवून काढलेले आवेल जुन्या पिढीच्या माहितीचे आहे. आंबवण पद्धतीत आटविण्याचे काम सूक्ष्म जीवांकडे सोपविले जाते, एवढाच काय तो फरक. तेलास विस्तवाची झळ जवळजवळ लागत नसल्याने त्याचा रंग व वास ताज्या खोबऱ्याचा राहतो. साबण, मलम व अंगास लावण्याची तेले करणारे लोक अशा तेलास पसंती देतात.

या पाठातील मुख्य गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावी. आंबवण हे तेल मोकळे करण्याचे केवळ साधन आहे. तेलात आंबवणाचा अंश राहिला तर तो गुण नसून दोष होय. आंबट वास, साका आणि पाणी ही तिन्ही तेलातून पूर्णपणे निघाली, तरच ते तेल टिकते व त्वचेस मानवते. पुढील प्रत्येक कृतीचे कारण या एका गोष्टीत सापडेल.

तेल का सुटते?

पक्व नारळाच्या ओल्या खोबऱ्यात सुमारे निम्मे पाणी असते व सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो. खोबरे किसून पिळले असता जे दूध निघते, त्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनाचे पातळ कवच असते. या कवचामुळे एक थेंब दुसऱ्या थेंबास मिळत नाही व तेल वर येत नाही.

दूध उबदार जागी ठेवले म्हणजे त्यातील आम्लजनक जीवाणू वाढू लागतात. ते दुधातील साखरेचे आम्ल बनवितात. आम्ल पुरेसे वाढताच प्रथिने गोठतात, जसे गाईचे दूध विरजणाने गोठते तसेच. कवच मोडल्यावर तेलाचे थेंब एकमेकांत मिसळतात आणि हलके असल्याने वर चढतात. गोठलेल्या प्रथिनांचा साका होतो व आंबट पाणी तळाशी राहते.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. जीवाणूंना ऊब व वेळ कमी मिळाल्यास कवच मोडणार नाही व तेल सुटणार नाही. वेळ फाजील झाल्यास आंबटपणा व कुजका वास तेलात शिरेल. सर्व कौशल्य या दोहोंच्या मधला क्षण साधण्यात आहे.

नारळाची निवड

नारळ पूर्ण पक्व, म्हणजे अकरा ते बारा महिन्यांचा असावा. सोडण तपकिरी झालेले व हलविल्यास आत पाणी वाजणारे नारळ घ्यावेत. कोवळ्या नारळात तेल कमी व पाणी अधिक असते. आत कोंब धरलेला नारळ घेऊ नये, कारण वाढणारा कोंब खोबऱ्यातील स्निग्धांश वापरून टाकतो. तडा गेलेला, डोळ्याशी बुरशी आलेला किंवा फोडल्यावर वास मारणारा नारळ निःसंकोच बाजूला काढावा. असा एक नारळ वीस नारळांचे दूध बिघडवू शकतो.

कोकणातील बाणवली जातीचे नारळ या कामास योग्य आहेत. झाडावरून काढलेले नारळ सावलीत ठेवावेत. फोडलेला नारळ मात्र ठेवू नये. फोडणे, किसणे व पिळणे ही तिन्ही कामे तीन-चार तासांच्या आत पुरी व्हावीत. उघड्या पडलेल्या खोबऱ्यावर नको असलेले जीवाणू लगेच वाढू लागतात व पुढे कितीही काळजी घेतली तरी तेलास वास येतो.

भांडी, पाणी व हात

या पद्धतीत जीवाणूंकडून काम घ्यावयाचे असल्याने स्वच्छता कमी चालेल, असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे. दही लावताना आपण भांडे धुऊनच घेतो. नको असलेले जीव आधी दूर केले, तरच हवे असलेले जीव वाढतात.

भांडी स्टेनलेस स्टीलची, काचेची किंवा खाद्यपदार्थांसाठी बनविलेल्या चांगल्या प्लास्टिकची असावीत. पारदर्शक बरणी असल्यास थर स्पष्ट दिसतात व नवशिक्यास सोयीचे जाते. लोखंडी, तांब्याची वा कल्हई उडालेली पितळी भांडी वापरू नयेत. आंबट पाण्यामुळे धातूचा अंश सुटतो आणि तो तेलास लवकर खवट करतो. भांडी, विळी व फडकी उकळत्या पाण्याने धुऊन वाळवावीत. पाणी उकळून कोमट केलेले असावे. ज्या पाण्यास जंतुनाशक पावडरीचा उग्र वास येतो, ते तसेच वापरल्यास उपयुक्त जीवाणूही मरतात.

दूध काढणे व आंबवणे

खोबरे शक्य तितके बारीक किसावे. किसाचे वजन करून वहीत टिपावे. किसाच्या वजनाच्या निम्मे ते तितकेच कोमट पाणी घ्यावे व ते दोन हप्त्यांत घालावे. पहिल्या हप्त्याचे पाणी घालून कीस चांगला मळावा व पांढऱ्या स्वच्छ फडक्यात बांधून जोराने पिळावा. नंतर चोथ्यात उरलेले पाणी घालून पुन्हा तसेच करावे. दोन्ही वेळचे दूध एकत्र करून गाळावे.

हे दूध उभट भांड्यात भरून, तोंडावर स्वच्छ कापड बांधून, न हलणाऱ्या जागी ठेवावे. वेगळे विरजण घालण्याची गरज नसते. काही ठिकाणी मागील खेपेचे आंबट पाणी थोडेसे घालतात. मागील खेप निर्दोष असेल तरच तसे करावे.

उष्णतामान ३५ ते ४० अंश सेल्सिअस असावे. तापमापक नसल्यास भांड्यास हात लावून पाहावा. भांडे अंगाइतके उबदार लागले म्हणजे ठीक समजावे. कोकणात उन्हाळ्यात यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. थंडीच्या व पावसाच्या दिवसांत मात्र रात्री ऊब उतरते. अशा वेळी लाकडी खोक्यात किंवा मोठ्या टोपलीत भाताचा पेंढा दाबून भरावा, मध्ये भांडे ठेवावे व वरून गोणपाटाने झाकावे. शेजारी गरम पाण्याची बंद बाटली ठेवल्यास ऊब अधिक टिकते.

सोळा ते वीस तासांत तेल सुटते. संध्याकाळी चार वाजता ठेवलेले दूध दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी बाराच्या दरम्यान तयार होते. यानंतर ते तसेच ठेवण्यात लाभ नाही. चोवीस तासांवर गेलेल्या तेलास आंबूस वास लागतो व पिवळी छटा येते.

तेल वेगळे करणे

तयार झालेल्या भांड्यात थर दिसतात. वर फेसाळ साक्याचा पातळ पापुद्रा, त्याखाली स्वच्छ तेल, त्याखाली जाड साका व तळाशी धुरकट आंबट पाणी. भांडे न हलविता वरचा पापुद्रा चमच्याने काढावा. नंतर डावाने तेल हलकेच उचलून घ्यावे. साक्याजवळचे शेवटचे तेल त्याच भांड्यात न मिसळता वेगळ्या वाटीत घ्यावे. थोड्या तेलाच्या लोभाने साका मिसळला, तर सर्व तेल बिघडते.

तेल चार पदरी कोरड्या फडक्यातून गाळावे. ते पाहण्यास स्वच्छ असले तरी त्यात पाण्याचा अंश असतो व तोच तेलाचा खरा शत्रू होय. पाणी राहिल्यास तेलाचे घटक हळूहळू फुटतात, सुटी आम्ले वाढतात, तेल खवट होते आणि असे तेल त्वचेस झोंबते. आशिया-पॅसिफिक नारळ समुदायाने अशा तेलासाठी ठरविलेल्या मानकाप्रमाणे आर्द्रता ०.१ टक्क्याहून व सुटी आम्ले ०.२ टक्क्याहून अधिक नसावीत.

पाणी घालविण्यासाठी तेलाचे पातेले गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावे. विस्तवावर तेल प्रत्यक्ष ठेवू नये. तेलाचे उष्णतामान ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. मधूनमधून हलवीत पाण्याचा अंश उडून जाईपर्यंत ते उबदार ठेवावे. पातेल्यावर झाकण ठेवल्यास वाफ थेंबांच्या रूपाने परत तेलात पडते, म्हणून झाकण घालू नये. निवाल्यावर पुन्हा गाळून, पूर्ण कोरड्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरावे व घट्ट बूच लावून अंधाऱ्या जागी ठेवावे.

तेलाची परीक्षा

प्रयोगशाळेतील तपासणीस पर्याय नाही. तथापि घरच्या घरी पुढील चार परीक्षा अवश्य कराव्यात.

१. रंग : पातळ असताना तेल पाण्यासारखे नितळ दिसावे. पिवळी छटा हा उशिराचा किंवा खराब खोबऱ्याचा पुरावा होय.

२. वास : तळहातावर चोळून वास घ्यावा. ताज्या खोबऱ्याचा मंद वास यावा. आंबट वा खवट वास आल्यास ते तेल पहिल्या प्रतीचे समजू नये.

३. पाणी : गरम पळीत दोन थेंब टाकावेत. तडतड आवाज आल्यास पाणी शिल्लक आहे.

४. गोठणे : नारळाचे तेल सुमारे २४-२५ अंशांच्या खाली गोठू लागते. थंडीत गोठलेले तेल पांढरे व एकसारखे दिसावे. तळाशी करडा गाळ दिसल्यास गाळणी अपुरी झाली असे समजावे.

चोथा, साका व आंबट पाणी

साक्यात बरेच तेल अडकलेले असते. तो मंद आचेवर तापविल्यास दुसऱ्या प्रतीचे तेल निघते. त्याचा रंग पिवळसर असतो. हे तेल साबणासाठी चांगले. नारळाच्या तेलाचा साबण जड पाण्यातही फेस देतो. दोन्ही प्रतींचे तेल कधीही एकत्र करू नये. आंबट पाणी ओढ्यात वा विहिरीजवळ न ओतता शेणखताच्या खड्ड्यात टाकावे.

चोथ्याविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. इंडोनेशियातील जावा बेटावर नारळाचा चोथा बुरशीने आंबवून ‘तेंपे बोंगक्रेक’ नावाचा खाद्यपदार्थ करीत असत. त्यात कधीकधी एक विशिष्ट जीवाणू शिरून बोंगक्रेकिक आम्ल नावाचे जहाल विष तयार होई. या विषास रंग, वास व चव नसते आणि ते शिजविल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे अनेक माणसे दगावली व १९८८ साली तेथील शासनाने या पदार्थाच्या उत्पादनास बंदी घातली. यावरून घ्यावयाचा धडा साधा आहे. ओला चोथा रात्रभर ठेवून मग माणसांनी खाऊ नये व जनावरांसही घालू नये. पिळल्यावर त्याच दिवशी तो पातळ पसरून कडक उन्हात वाळवावा, किंवा खड्ड्यात टाकावा. आंबलेला साकाही खाण्यात आणू नये.

त्वचेवरील उपयोग : खरा किती, सांगितला जातो किती

नारळाच्या तेलातील मेदाम्लांपैकी सुमारे निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. तेल त्वचेवर पातळ थर धरते, त्यामुळे त्वचेतील ओलावा लवकर उडत नाही व कोरडी कातडी मऊ पडते. फिलिपाइन्समध्ये कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर दोन आठवडे झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा शुद्ध तेलाचा परिणाम प्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या खनिज तेलाइतकाच चांगला आढळला. शेतात, पाण्यात व चुलीपुढे काम करणाऱ्यांच्या भेगाळलेल्या हातापायांस याचा उपयोग आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

यापलीकडचे दावे करू नयेत. हे तेल त्वचा गोरी करीत नाही, कोड वा नायटा बरा करीत नाही. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमे येतात, त्यांना ते चेहऱ्यावर लावल्यास त्रास वाढू शकतो. उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागी व अगदी तान्ह्या मुलाच्या अंगावर वैद्यकीय सल्ल्यावाचून लावू नये. प्रथम वापरताना कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. खाज वा लाली आल्यास वापरू नये.

‘आंबवलेले’ हा शब्द पाहून गिऱ्हाईक अधिक पैसे देते, म्हणून कित्येक विक्रेते त्याचा गाजावाजा करतात. परंतु नीट काढलेल्या तेलात आंबवणाचे काहीही उरत नाही, हे वर स्पष्ट झालेच आहे. या तेलाची किंमत ताजेपणात, कोरडेपणात व स्वच्छतेत आहे. तीच गिऱ्हाइकास सांगावी.

विक्री करण्यापूर्वी

घरच्या वापरापुरते तेल काढण्यास आडकाठी नाही. विक्रीसाठी मात्र नियम आहेत. खाद्यतेल म्हणून विकावयाचे झाल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी वा परवाना लागतो. अंगास लावण्याचे प्रसाधन म्हणून विक्रीसाठी उत्पादन करावयाचे झाल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांप्रमाणे परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करावी. रोग बरे करण्याची जाहिरात करणे हे आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकते.

ज्या बचतगटास एवढा खटाटोप झेपत नाही, त्याने परवानाधारक साबण वा प्रसाधन उत्पादकास कच्चा माल म्हणून तेल पुरविता येईल काय, याची चौकशी करावी. असा खरेदीदार तेलाची तपासणी करूनच माल घेतो. एक खेप नापास झाली तर गटाचे नाव जाते व पुढील मागणी थांबते. म्हणून संशयित खेप चांगल्या मालात मिसळण्यापेक्षा साबणासाठी वेगळी काढणे केव्हाही फायद्याचे.

कार्यकर्त्यासाठी प्रात्यक्षिकाची सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्याने पहिले प्रात्यक्षिक वीस नारळांवर घ्यावे. मध्यम आकाराच्या वीस नारळांत सुमारे सहा किलो ओले खोबरे निघते. त्यात दोन किलोच्या आसपास स्निग्धांश असला, तरी हाताने पिळून तो सगळा मिळत नाही. काही चोथ्यात व काही साक्यात राहतो. ही गोष्ट शेतकऱ्यांना अगोदरच सांगावी, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही.

दूध दोन सारख्या बरण्यांत भरावे. एक पेंढ्याच्या खोक्यात व दुसरी उघड्या ओटीवर ठेवावी. दुसऱ्या दिवशी दोन्ही बरण्या सर्वांसमोर शेजारी शेजारी मांडाव्यात. उबेचा परिणाम लोकांना डोळ्यांनी दिसेल व तो दीर्घ व्याख्यानापेक्षा अधिक पटेल. ऋतूपरत्वे हा फरक कमीअधिक दिसतो, म्हणून हे प्रात्यक्षिक थंडीच्या दिवसांत घेणे उत्तम.

प्रत्येक खेपेची नोंद वहीत पुढील क्रमाने ठेवावी : नारळांची संख्या, किसाचे वजन, घातलेले पाणी, दूध ठेवल्याची वेळ, तेल काढल्याची वेळ, पहिल्या व दुसऱ्या प्रतीच्या तेलाचे वजन, मजुरीचे तास, सरपणाचा खर्च आणि वासाविषयी शेरा. पाच खेपांच्या नोंदीनंतर एक किलो तेलास किती नारळ व किती श्रम लागले हे गटास स्वतःच काढता येईल. तेवढेच नारळ बाजारात तसेच विकले असते तर काय मिळाले असते, हा आकडा त्याशेजारी लिहावा. दोन्ही आकड्यांची तुलना केल्यावरच उद्योग वाढवावा की घरापुरता ठेवावा, याचा निर्णय घ्यावा.

पाठाची उजळणी करताना कार्यकर्त्याने श्रोत्यांना पुढील प्रश्न विचारावेत. तेल कशामुळे सुटते? चोवीस तासांनंतर काय बिघडते? पाणी राहिल्याचे कसे ओळखावे? ओल्या चोथ्याचे त्याच दिवशी काय करावे? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या घरातील माणसे न अडखळता देतील, त्या घरी ही पद्धत निर्धास्तपणे सुरू करण्यास हरकत नाही.